मोठ्या मापाच्या मॉडेल रेल्वेत मालगाडीच्या वाघिणी कशा जोडाव्यात

दोन वाघिणी एकमेकींना अडकवायला क्षणभर पुरतो. पण चढावर, वळणावर, सांध्यावरून (एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागेवरून) जाताना आणि इंजिन मागे ढकलत असतानाही त्या सुटू नयेत, अशी जोडणी करायची तर आधी टेबलावर बसून थोडं काम करावं लागतं. जोडणीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच गोष्टींत असतं: कपलरची, म्हणजे वाघिणीच्या टोकाच्या जोडणीच्या भागाची, उंची आणि त्याला डावी-उजवीकडे हलायला मिळणारी मोकळीक.

आधी प्रमाण बघा

मोठ्या मापाच्या बहुतेक गाड्या एकमेकांपासून ४५ मिलिमीटर अंतरावरच्या रुळांवर धावतात, पण सगळ्यांचं प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीच्या मानाने त्या किती लहान आहेत ते, सारखं नसतं. जर्मनीच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने ज्या गाड्या आणल्या, त्या १:२२.५ प्रमाणाच्या; त्या हिशेबाने ४५ मिलिमीटर म्हणजे मीटरगेज. त्याच रुळांवर १:३२ ची गाडी ठेवली की ते १४३५ मिलिमीटरचं स्टँडर्ड गेज होतं. अमेरिकी धाटणीच्या बऱ्याच गाड्या १:२९ च्या असतात, तर तीन फुटी नॅरोगेजसाठी १:२०.३ वापरतात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या वाघिणी एकाच रुळावर छान उभ्या राहतात, पण कपलर समोरासमोर येतीलच याचा भरवसा नसतो. खरेदी करतानाच खोक्यावरचं प्रमाण वाचून घ्या.

कपलरचा प्रकार ठरवा

यात ठळक दोन प्रकार. पहिला कडी-आकड्याचा: एका वाघिणीचा आकडा दुसरीच्या कडीत खालून अडकतो. दिसायला हा खेळण्यातला वाटतो, पण अरुंद वळणं आणि वरखाली झालेले रूळ सहज खपवून घेतो. आकडा वाघिणीच्या एकाच टोकाला असेल तर सगळ्या वाघिणी एकाच दिशेने लावाव्या लागतात. दोन्ही टोकांना आकडे बसवले तर पकड दुप्पट होते, मात्र सोडवायला वेळ लागतो.

दुसरा प्रकार नकल कपलर, म्हणजे वाकवलेल्या बोटांसारखे दोन पंजे एकमेकांत गुंततात तो. एली जॅनी यांनी १८७३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या कपलरची ही छोटी आवृत्ती. अमेरिकी मालगाडी हवी असेल तर मी हाच घ्यायला सांगेन, कारण वाघिणी एकमेकींच्या जवळ येतात आणि गाडी खरी दिसते. पण याला उंचीतला फरक सोसत नाही.

दोन्ही प्रकारच्या वाघिणी घरात असतील तर एक वाघीण मिश्र ठेवा: एका टोकाला आकडा, दुसऱ्याला नकल. सगळ्या वाघिणींचे कपलर एकदम बदलायची गरज राहत नाही.

उंची जुळवा

इथे घाई करू नका. खऱ्या अमेरिकी रेल्वेत रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंतची उंची ३१½ ते ३४½ इंच ठेवतात. १:२९ ला हे अंतर सुमारे २७.६ ते ३०.२ मिलिमीटर येतं. तुमचे कपलर नेमके या आकड्यात बसलेच पाहिजेत असं नाही, पण तुमच्या सगळ्या वाघिणींची उंची एक असली पाहिजे.

कपलरची उंची तपासायचं तयार माप (उंची-गेज) मिळत असेल तर उत्तम. नसेल तर जाड प्लास्टिकच्या पट्टीचा गुण्यासारखा काटकोनी तुकडा कापा, तो रुळांवर उभा करा आणि ज्या वाघिणीची उंची प्रमाण मानणार तिच्या कपलरच्या मध्यावर रेघ मारा. आता प्रत्येक वाघीण सपाट, सरळ रुळावर त्या रेघेसमोर आणा. कपलर रेघेच्या खाली असेल तर बोगी (वाघिणीखालचा चाकांचा सांगाडा) आणि तळाच्या मधे वॉशर घालून वाघीण उचला. वर असेल तर वाघिणीचा तळ आणि कपलर बसतो ती पेटी यांच्या मधे पातळ पट्टी घालून तो खाली घ्या. एक टोक बरोबर आणि दुसरं चुकीचं, असंही होतं. दोन्ही टोकं तपासा.

नकल कपलरच्या काही प्रकारांना खाली वाकडी तार असते. चुंबकावर सोडवण्यासाठी ती लागते. ही तार सांध्याच्या रुळांना घासते का ते बघा, घासत असेल तर पकडीने हलकेच वर वाकवा. चुंबक वापरणारच नसाल तर ती कापून टाकली तरी चालते.

कपलर कुठे बसवायचा

बोगीवर बसवलेला कपलर चाकांबरोबर वळतो, म्हणून अरुंद वळणावर सोयीचा. पण लांब गाडी मागे ढकलताना जोर थेट बोगीवर येतो, ती तिरकी होते आणि चाकं उतरतात. तळाला बसवलेल्या कपलरला हा त्रास नाही, मात्र त्याला मोठी वळणं लागतात. ६०० मिलिमीटर त्रिज्येच्या, म्हणजे बारा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होणाऱ्या वळणावर लांब वाघीण तळाच्या कपलरने जोडली, तर ती शेजारणीला रुळाबाहेर खेचते. अशा वळणांवर आखूड वाघिणी ठेवा किंवा बोगीवरचा कपलर घ्या.

आता जोडा

१. सरळ, सपाट रूळ निवडा. वळणावर कपलर एकमेकांच्या रेषेत नसतात.

२. कपलर बोटाने डावी-उजवीकडे हलवून सोडा. तो आपोआप मध्यावर आला पाहिजे. अडकत असेल तर ग्रॅफाइटची पूड टाका. तेलावर धूळ चिकटते.

३. एक वाघीण हाताने धरून दुसरी हळूच पुढे ढकला. नकल बंद होताना बारीक ‘टक’ ऐकू येतं.

४. लगेच थोडं मागे ओढून खात्री करा. दोन्ही वाघिणी एकत्र हलल्या तरच जोडणी पक्की.

५. जड वाघिणी इंजिनाजवळ, हलक्या शेवटी. रिकामी हलकी वाघीण मधे घेतली आणि मागे जड रांग असली, तर वळणावर ती आतल्या बाजूला कलंडते.

यानंतर गाडी अगदी हळू चालवून पूर्ण फेरी मारा, मग उलट ढकलत दुसरी. एकमेकांच्या उलट दिशेची वळणं लागोपाठ असतील तर त्यांच्यामधे निदान सर्वांत लांब वाघिणीएवढा सरळ रूळ हवा.

सोडवताना

आधी इंजिन किंचित मागे घेऊन ताण काढा. ताणलेला कपलर कितीही ढोसला तरी सुटत नाही. कडी-आकड्यात आकडा चपट्या काडीने खाली दाबा, नकलमधे पातळ काडी दोन पंज्यांच्या मधे घालून फिरवा. वाघीण उचलून सोडवू नका, कपलरची पेटी तुटते.

तरीही सुटत असतील तर

कुठे सुटतात ते लिहून ठेवा. वेगवेगळ्या वाघिणी एकाच जागी सुटत असतील तर दोष रुळाचा आहे. चढ एकदम सुरू झालेला असतो, एक कपलर दुसऱ्याच्या वर सरकतो. तिथे स्लीपरखाली खडी भरून चढ लांबवर विभागा. एकच जोडी कुठेही सुटत असेल तर वाघिणींची जागा बदलून बघा. ज्या वाघिणीबरोबर त्रास सरकतो, तिचीच उंची पुन्हा मोजा आणि कपलरची स्प्रिंग जागेवर आहे का ते तपासा.