न्यूक्लिअर फिजिक्स : त्या दोन इलेक्ट्रॉनांचा हिशेब

एमएस्सीला न्यूक्लिअरचा पेपर मी सगळ्यात सोपा धरला होता. प्रोटॉन-न्यूट्रॉन शाळेपासून ओळखीचे, अल्फा-बीटा-गॅमा तोंडपाठ, अर्धायुकालाची गणितं तर हातातला मळ. नेमके त्याच पेपरात मार्क गेले, आणि पुढे एका मुलाखतीत तोच प्रश्न समोर आला तेव्हा पुन्हा अडकले. अजून ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

प्रश्न होता : बेरिलियम-७ चं लिथियम-७ होताना पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा पण धनभारित कण, बाहेर पडेल का? तक्त्यातल्या वस्तुमानांतला फरक ०.८६२ एमईव्ही (हे ऊर्जेचं एकक, वस्तुमानही इथे त्यातच मोजतात). मी त्यातून पॉझिट्रॉनचे ०.५११ वजा केले, ०.३५१ उरले, म्हणून ‘पडेल’ लिहिलं. साफ चूक.

तक्त्यातलं वस्तुमान अणुकेंद्रकाचं नसतं. ते अख्ख्या अणूचं असतं, इलेक्ट्रॉन धरून. हे वाक्य मीही वाचलेलं होतं, पण वाचून ते अंगवळणी पडत नाही. कागदावर मांडा. बेरिलियमच्या अणूत ४ इलेक्ट्रॉन, लिथियमच्या अणूत ३. केंद्रकातल्या प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला आणि पॉझिट्रॉन निघून गेला, तरी बाहेरचे ४ इलेक्ट्रॉन जागेवरच आहेत. लिथियमला ३ पुरतात, एक जास्तीचा उरतो. म्हणजे पॉझिट्रॉनचे ०.५११ आणि त्या उरलेल्या इलेक्ट्रॉनचेही ०.५११, मिळून १.०२२ एमईव्ही लागतात. आहेत ०.८६२. पॉझिट्रॉन निघणं शक्यच नाही. मग केंद्रक स्वतःच्याच कवचातला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं. ४ चे ३ झाले, हिशेब जुळला, काहीही वजा करायचं नाही. या वाटेने जाणाऱ्या बेरिलियम-७ चा अर्धायुकाल सुमारे ५३ दिवस.

आता उलट बाजू. कार्बन-१४ चं नायट्रोजन-१४ होतं तेव्हा ६ इलेक्ट्रॉनांच्या जागी ७ लागतात, आणि केंद्रकातून निघालेला इलेक्ट्रॉन ती जागा हिशेबात भरून काढतो. त्यामुळे इथे नुसती वजाबाकी : ०.१५६ एमईव्ही. सवयीने यातूनही ०.५११ वजा केलेत, तर उत्तर ऋण येईल आणि कार्बन-१४ कधी क्षय पावणारच नाही असं ठरेल!

इलेक्ट्रॉन निघणं, पॉझिट्रॉन निघणं आणि इलेक्ट्रॉन ओढून घेणं, या तिन्हींच्या तीन सूत्रांचा तक्ता पाठ करा म्हणणाऱ्या नोट्सवर माझा राग आहे तो यामुळेच. परीक्षेच्या ताणात कुठलं सूत्र कशाचं, हेच आठवत नाही. मला हे समजलं ते आमच्या एका निवृत्त सरांमुळे. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने चार टिंबं काढायला लावली आणि म्हणाले, “आता यातला कुठला कुठे गेला, बोट ठेवून दाखव.” मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

बाकीच्या भागाचं एवढं दडपण घेऊ नका. केंद्रकीय बल एक-दोन फेमटोमीटरपुरतंच पोचतं आणि ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) जेमतेम २.२२ एमईव्हीने बांधलेला असतो, एवढं नीट समजलं की पुढचं बरंचसं सुटत जातं. सरासरी आयुष्य आणि अर्धायुकाल यांची गल्लत मात्र नको : मोकळ्या न्यूट्रॉनचे ८८० सेकंद हे सरासरी आयुष्य, अर्धायुकाल सुमारे ६१० सेकंद. आणि प्रॅक्टिकलला जीएम काउंटरवर (किरणोत्सारी कण मोजणारं यंत्र) एकदा ९२, एकदा १०७ आले म्हणून रडकुंडीला येऊ नका, मैत्रिणीच्या वहीतले आकडे तर मुळीच उतरवू नका. १०० च्या आसपासच्या मोजणीत १० इकडेतिकडे होणारच. क्षयाचा स्वभावच तो आहे.

त्या ०.८६२ बद्दल आणखी एक. सूर्याच्या पोटातही बेरिलियम-७ इलेक्ट्रॉन गिळतं, आणि बहुतेक वेळा ती सगळी ऊर्जा एकटा न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ वस्तुमान नसलेला, भाररहित कण, घेऊन निघतो. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली बोरेक्सिनो प्रयोगाने २००७ मध्ये हेच न्यूट्रिनो पकडले. तो आकडा वाचला तेव्हा मी ती जुनी वही काढली आणि ०.३५१ वर काट मारली.