आई-आप्पांना जर्मनीला बोलावताना

घर मिळालं, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी झाली, दोन-तीन पगार खात्यात पडले की सोलापूरहून आलेल्या प्रत्येकाच्या घरी फोनवर एकच विषय निघतो: आई-आप्पा कधी येणार? बोलवा, जरूर बोलवा. फक्त तिकीट आधी आणि व्हिसा नंतर असा उलटा कारभार करू नका. अर्जाला विमानाचं रिझर्व्हेशन पुरतं.

खरा वेळ व्हिसा खात नाही, नावं खातात. आपल्याकडे आईचं नाव आधारवर एक, पॅनवर दुसरं, रेशनकार्डावर मागे 'बाई' लागून तिसरं, आणि तुमच्या जन्मदाखल्यावर भलतंच. तुम्ही तिचे चिरंजीव आहात हे त्या जन्मदाखल्यावरूनच सिद्ध करायचं असतं. म्हणून पासपोर्टला जे स्पेलिंग द्याल तेच कायम धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. महापालिकेतून दाखल्याची नवी प्रत काढून ठेवा. पासपोर्टसाठी पुण्याला हेलपाटा घालायची गरज नाही, सोलापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

आता मुद्द्याचं. अर्ज बघणाऱ्याला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असतात: खर्च कोण करणार आणि माणसं परत जाणार का.

खर्चाचं उत्तर तुमच्याकडे आहे. तुमच्या शहराच्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीत, जाऊन फेर्प्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग करून घ्या, म्हणजे पाहुण्यांच्या खर्चाची हमी. फी 29 युरो. पगाराच्या स्लिपा, घराचा करार, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट लागतं. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा पहिला नंबर याचा लावा. मूळ कागद कुरिअरने सोलापूरला पाठवायचा असतो, व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही. आणि सही करताना भान ठेवा: त्यांच्या राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा सरकारला पडलेला खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

परत जाण्याचं उत्तर मात्र सोलापुरात आहे, आणि तिथे आपली माणसं कमी पडतात. सगळं असतं, पण कागदावर मांडलेलं नसतं. पेन्शनचा आदेश, सातबारा, घराची कर पावती, माग किंवा दुकान असेल तर जीएसटीची रिटर्न, आयटीआर, बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम दोन-तीन लाख टाकायचा सल्ला कुणीतरी एजंट हमखास देतो. ऐकू नका. महिन्याच्या महिन्याला येणारी पंचवीस हजारांची पेन्शन अशा रकमेपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. माझ्या मते एजंटच नको. फॉर्म तुम्ही इथून भरू शकता, आप्पांना फक्त सही करायची आहे.

प्रवास विमा सगळ्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत) चालणारा आणि किमान 30,000 युरोचा हवा. बीपी-शुगर असेल तर पॉलिसीत आधीच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

अर्ज व्हीएफएसच्या (दूतावासासाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या) केंद्रात, पुणे किंवा मुंबई. अपॉइंटमेंट पुण्याची मिळाली तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस बरी. व्हिसा फी 90 युरोइतके रुपये, वर व्हीएफएसचा चार्ज. बोटांचे ठसे द्यावे लागतात म्हणून स्वतः जावंच लागतं. आयुष्यभर विड्या वळलेल्या किंवा मागावर बसलेल्या हातांचे ठसे पुसट उठतात. आठ-दहा दिवस आधीपासून रात्री हाताला क्रीम लावायला सांगा, मशीनने नाही घेतलं तर पुन्हा घेतात, तिथे गांगरून जाऊ नये.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी 45 दिवसांपर्यंत. आषाढी झाल्याशिवाय आप्पा निघणार नाहीत आणि जानेवारीतल्या गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, घरी हवेतच, हे गृहीत धरून ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ बघा. हवाही तेव्हाच सोसवते. नकार आला तर पूर्वी दूतावासाकडे फेरविचार मागता यायचा. ती सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली. आता नवा अर्ज नाहीतर कोर्ट, म्हणून पहिलाच अर्ज नीट करा.

स्टिकर हातात आला की दोन जागा वाचा: तारखा आणि दिवस. तारखांची मुदत लांब दिसते, पण राहायचं दिवसांच्या आकड्याइतकंच. शेंगेनमध्ये कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90, येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून. तीन महिने म्हणून मोजू नका: 1 जुलैला उतरले तर 28 सप्टेंबर हा नव्वदावा दिवस. स्वित्झर्लंड, फ्रान्स फिरवून आणा, दिवस त्याच हिशोबात जातात. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी मोह टाळा, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि तिथल्या ट्रान्झिटचे नियम वेगळे.

बॅगेबद्दल आईशी भांडण ठरलेलंच. शेंगाचटणी, कडक भाकरी, चादरी बिनधास्त. तूप, पेढे, खवा नाही, कारण युरोपाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. डाळिंबं आणि ताजा कढीपत्ताही तपासणीच्या दाखल्याशिवाय नाही. औषधं राहण्यापुरती, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

हमीपत्राची प्रत, विमा, परतीचं तिकीट आणि तुमचा पत्ता-फोन लिहिलेला कागद हँडबॅगेत असू द्या, चेक-इन बॅगेत नको. विमानतळावर विचारतात ते एवढंच: कुणाकडे, किती दिवस. 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी फोटो आणि ठशांची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे एखादा दिवस जास्त राहिला तर तो लपत नाही.

तीन वर्षांत दोन व्हिसे नियमाने वापरले असतील तर भारतीयांना दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, ही तरतूद एप्रिल 2024 पासूनची. तेव्हा मुदत संपलेला पासपोर्ट आईने भांडीवालीला द्यायच्या आत कपाटात ठेवायला सांगा, पुढच्या अर्जाला तो लागेल.