कार्यालयाच्या नेटवर्कमधील अनधिकृत ॲक्सेस पॉइंट कसा रोखावा

अनधिकृत ॲक्सेस पॉइंट, म्हणजे परवानगीविना लावलेले वाय-फाय देणारे उपकरण, बसवणारा पुष्कळदा आपलाच सहकारी असतो. त्याच्या खोलीत वाय-फायची रेंज येत नाही, म्हणून तो घरून राउटर आणून भिंतीतल्या लॅन पोर्टला जोडतो. मग फायरवॉल शाबूत असली, तरी त्या राउटरचा पासवर्ड मिळवणारा कोणीही इमारतीबाहेर उभा राहून अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरू शकतो. अशा खोलीत अधिकृत ॲक्सेस पॉइंट बसवून द्यावा. नुसत्या तंबीने तो राउटर पुन्हा येतो.

बंदोबस्त स्विचपासून, म्हणजे कार्यालयातील लॅन केबल एकत्र जोडणाऱ्या उपकरणापासून, सुरू करावा. वापरात नसलेले पोर्ट बंद ठेवावेत आणि उरलेल्यांवर ८०२.१एक्स प्रमाणीकरण लावावे, म्हणजे ओळख पटल्याशिवाय उपकरणाला जोडणी मिळणार नाही. केवळ मॅक पत्त्यांच्या (उपकरणांच्या हार्डवेअर ओळखक्रमांकांच्या) यादीवर भिस्त ठेवू नये, कारण अनेक घरगुती राउटरांत संगणकाचा मॅक पत्ता उचलण्याची सोयच दिलेली असते. डीएचसीपी स्नूपिंगही (आयपी पत्ते फक्त अधिकृत सर्व्हरलाच वाटू देणारी स्विचमधील सोय) चालू असावे. राउटरची केबल वॅन (बाहेरून जोडणी घेणाऱ्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लागली, की तो स्वतःच आयपी पत्ते वाटू लागतो आणि काही संगणकांना सर्व्हर सापडेनासा होतो. अशी तक्रार आल्यास प्रथम त्या संगणकाचा गेटवे, म्हणजे तो ज्या राउटरमार्फत बाहेर जोडला जातो त्याचा पत्ता, तपासावा.

आपल्या ॲक्सेस पॉइंटांच्या बीएसएसआयडींची (वाय-फाय सिग्नलसोबत दिसणाऱ्या मॅक पत्त्यांची) यादी जवळ ठेवून, फोनमधील वाय-फाय ॲनालायझर घेऊन प्रत्येक मजल्यावर फिरावे. अनोळखी सिग्नल उणे ७५ डीबीएमवरून (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे एकक; आकडा शून्याजवळ तेवढी ताकद जास्त) उणे ४० पर्यंत वाढला, तर उपकरण अगदी जवळ आहे. मात्र ते शेजारच्या कार्यालयाचेही असू शकते, म्हणून त्याच्या बीएसएसआयडीशी मिळताजुळता पत्ता स्विचच्या मॅक तक्त्यात, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता आहे त्या यादीत, शोधावा. अनेकदा शेवटच्या अंकांतच फरक असतो. पत्ता सापडला, की तो पोर्ट बंद करावा.

परक्या वाय-फायवरील जोडण्या तोडणारी स्वयंचलित यंत्रणा सरसकट चालू करू नये. पाहुण्यांचे वैयक्तिक हॉटस्पॉट अशाच प्रकारे रोखल्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने (दळणवळण नियामक आयोगाने) मॅरियट हॉटेल कंपनीकडून ६ लाख डॉलर दंड वसूल केला होता.

आपल्याच वाय-फायचे नाव धारण करणारा तोतया ॲक्सेस पॉइंट मात्र स्विचवर दिसत नाही. त्यासाठी डब्ल्यूपीए एंटरप्राइझ (प्रत्येक वापरकर्त्याची ओळख सर्व्हरवर तपासणारी वाय-फाय सुरक्षा) वापरून, सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची सेटिंग प्रत्येक लॅपटॉपवर केंद्रीय धोरणानेच लावावी, कारण इशाऱ्याच्या चौकटीवर 'स्वीकारा' दाबण्याची मुभा राहिली, तर घाईत असलेला माणूस ते दाबतोच.