दारू सोडायच्या मीटिंगला पहिल्यांदा जायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी सगळं सविस्तर

माझ्या थोरल्या भावाला घेऊन पहिल्यांदा ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या मीटिंगला गेलो तेव्हा तो हेल्मेट न काढता वीस मिनिटं गाडीजवळच उभा राहिला. आत कोण ओळखीचं निघालं तर काय, एवढंच त्याच्या डोक्यात. आपल्याकडं गल्लीत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतंय, त्यामुळं ही भीती खरी आहे आणि मीटिंग सापडूनही दारातनं परत फिरलेले लोक मी बघितलेत, म्हणून हे लिहितोय.

पण मीटिंगच्या आधी डॉक्टर, हे पहिलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते आणि दोन-चार दिवसांत भास व्हायला लागतात, त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून घरच्यांनी माणसाला खोलीत कोंडून ठेवायचं अजिबात करू नका. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं दाखवा आणि किती पितो ते खरं सांगा, निम्मं करून सांगू नका कारण औषधं त्याच हिशोबानं देतात. ए.ए.मध्ये औषधं मिळत नाहीत, तिथं फक्त माणसं भेटतात. दोन्ही लागतं.

आता ग्रुप शोधायचा कसा. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, 1935 साली अमेरिकेत सुरू झालं, आपल्या देशात 1957 पासून आहे. त्यांच्या इंडियाच्या वेबसाईटवर शहराप्रमाणे मीटिंगा बघा, पण वेळ आणि जागा बदलत असते त्यामुळं आधी फोन करूनच निघा. 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाईन आहे, तिथंही विचारा. मन फारच खचलं असेल तर 14416, टेली-मानस, रात्री-अपरात्री कधीही. खेड्यात असाल तर धर्मस्थळ संघाच्या, म्हणजे धर्मस्थळ देवस्थानाच्या ग्रामविकास संस्थेच्या लोकांना विचारा, ते गावोगावी मद्यवर्जन शिबिरं घेतात आणि शिबिरानंतर नवजीवन समिती म्हणून एकत्र बसतात. कारभार जास्त करून कन्नडमध्ये असतो, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांना समजतंय की तेवढं.

ग्रुपवाल्यांना फोन लावाल तेव्हा चार गोष्टी विचारून घ्या: मीटिंग मराठीत असते का, ओपन आहे की क्लोज्ड, नेमकी खूण काय, आणि सुटते किती वाजता. ओपनला घरचे येऊ शकतात, क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तोच. सुटायची वेळ यासाठी की खानापूरकडच्या माणसाची शेवटची बस चुकली तर तो पुढच्या वेळी येतच नाही. गल्लीतल्या लोकांची फारच भीती वाटत असेल तर जरा लांबचा ग्रुप धरा, निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूरला चौकशी करावी. अगदीच जमत नसेल तर ऑनलाईन मीटिंगा असतात, कॅमेरा बंद ठेवून ऐकत बसता येतं.

आत गेल्यावर काय होतं? भावाच्या वेळी शाळेची खोली होती, छोटे बाक, दारात चपला, स्टीलच्या किटलीतला चहा. एकानं ए.ए.च्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतनं बाहेर यायचे टप्पे, वाचल्या, मग एकेक जण आपलं बोलला. आडनाव कोण विचारत नाही, रजिस्टरमध्ये सही नाही, फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते त्यात टाकलं तर टाकलं. तुमच्यावर वेळ आली की "आज फक्त ऐकायला आलोय" म्हणा, कोण जोर करत नाही. आणि एक, त्या दिवशी प्यायला असाल तरी जा, गाडी मात्र दुसऱ्यानं चालवायची, आत गप्प बसून ऐकायचं. सोडायची इच्छा आहे एवढीच तिथली अट.

आपल्यात पंढरपूरला नेऊन माळ घालून आणतात. माळेवर आयुष्य काढलेले लोक माझ्या घरात आहेत, त्यामुळं मी त्याच्याविरुद्ध नाही. पण माळ काढून ठेवून प्यायलेला माणूस नंतर लाजेनं कुणाला तोंड दाखवत नाही आणि अजून पितो, भावाचं दोनदा हेच झालं. मीटिंगला मात्र परत पिऊन आलेल्यालाही कोण हाकलत नाही, तो परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो.

एका मीटिंगवर ठरवू नका, पाच-सहा तरी करा. वहिनीसारख्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं असतं, माणूस यायला तयार नसला तरी बाईनं एकटीनं जावं, तिचंही ऐकणारं कोणतरी पाहिजेच की.

पहिल्याच दिवशी दोन-तीन जणांचे नंबर घ्या, आणि फोन पिण्याच्या आधी करायचा, नंतर नाही. भावाला एका काकांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, तो त्यानं हेल्मेटच्या आत घालून ठेवला. तीन आठवड्यांनी गणपती विसर्जन, बेळगावात ते रात्रभर चालतंय हे सांगायला नको, जुने मित्र, ढोल, सगळ्यांच्या हातात ग्लास. रात्री दीडला त्यानं बाजूला येऊन ती चिठ्ठी काढली. काकांनी दुसऱ्या रिंगला उचलला आणि विचारलं, "कुठं उभा आहेस, येऊ का?"