इंदुरातून पटकथालेखनाकडे: इंटर्नशिप, फेलोशिप आणि अर्जासोबतची पानं

इंदुरातल्या मराठी घरांतून मालिका-सिनेमासाठी लिहू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की मुंबईत कुणाची ओळख निघेल का. ओळखीने फार तर ईमेल उघडला जातो. त्यापुढचं सगळं जोडलेल्या पानांवर ठरतं, म्हणून सुरुवात पानांपासून करायची.

त्याआधी एक फरक नीट समजून घ्या. इंटर्नशिपमध्ये तुमचा वेळ आणि कष्ट घेतले जातात. समोरचा बघतो की हा माणूस वेळेवर येईल का, स्वच्छ लिहील का, सांगितलेलं ऐकेल का. फेलोशिप किंवा लॅबमध्ये (म्हणजे निवडक पटकथांवर मार्गदर्शकांबरोबर काम करण्याच्या कार्यशाळेत) निवड तुमच्या पटकथेची होते, तुमची नाही. तिथे बायोडेटा जेमतेम चाळला जातो, पटकथा मात्र वाचली जाते. दोन्हीकडे एकच अर्ज पाठवणारे दोन्हीकडून नाकारले जातात.

जवळ काय तयार हवं

पूर्ण लांबीची एक पटकथा, साधारण ९० ते १२० पानांची. मालिकेचा किंवा वेबसिरीजचा एक पूर्ण भाग. शिवाय स्वतंत्रपणे वाचता येतील असे तीन-चार पानांचे दोन प्रसंग. एवढं झाल्याशिवाय अर्ज करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अर्धी पटकथा आणि "उरलेलं डोक्यात आहे" हे कुठेच चालत नाही. मध्यंतरानंतर कथा सांभाळता येते की नाही, हेच तर वाचणाऱ्याला तपासायचं असतं.

पटकथेबरोबर चार छोटे कागद लागतात: एक-दोन वाक्यांचं कथासूत्र, एका पानाचा सारांश, लेखकाचं मनोगत आणि शंभर-दीडशे शब्दांत स्वतःची ओळख. सगळ्यात जास्त अर्ज बाद होतात ते कथासूत्रावर. "एका मध्यमवर्गीय कुटुंबाची, बदलत्या नात्यांची हळवी कथा" असं लिहिलेले अर्ज ढिगाने येतात, आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. तीच कथा अशी लिहून बघा: "रामबागेतल्या सासऱ्यांच्या छापखान्यावर जप्ती येणार हे फक्त सुनेला ठाऊक आहे. नणंदेचं लग्न आठ दिवसांवर असताना ती घरात कुणाला कळू न देता पैसे उभे करू पाहते, आणि मदत करू शकेल असा एकच माणूस आहे: याच घराने हाकलून दिलेला तिचा दीर." यात माणूस आहे, मुदत आहे, अडचण आहे, आणि पुढे काय होईल हे विचारावंसं वाटतं. तुमच्या कथासूत्रात मुदत किंवा अडचण सापडत नसेल, तर बहुतेक वेळा ती पटकथेतही नसते. अशा वेळी कथासूत्राची भाषा घासत बसू नका, पटकथा पुन्हा उघडा.

सारांशात शेवट लपवू नये. उत्सुकता ताणण्यासाठी "पुढे काय होतं ते पडद्यावरच" असं लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे. निवड करणाऱ्याला शेवट कळायलाच हवा. मनोगतात मात्र कथा पुन्हा सांगायची नाही. ही कथा तुम्हीच का लिहायची, तिच्यातलं कोणतं जग तुम्हाला आतून माहीत आहे, आणि सध्याच्या खर्ड्यात काय जमलेलं नाही, एवढं लिहायचं. शेवटचा मुद्दा लिहायला लोक घाबरतात. पण लॅब असते ती सुधारण्यासाठीच, आणि स्वतःच्या पटकथेतली कमजोर जागा नेमकी ओळखणारा लेखक त्यांना हवा असतो.

फाइल

इंदुरात टायपिंगच्या दुकानांत अजूनही कृतीदेव हा जुना फाँट सर्रास वापरला जातो. ती फाइल मुंबईतल्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा होतो. टायपिंग युनिकोडमध्येच करा आणि पाठवताना पीडीएफ बनवा. मग ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, जोडाक्षरं आणि रफार जागेवर आहेत का ते तपासा. भारतीय भाषांत पटकथेच्या साच्यात लिहायला स्क्राइट हे सॉफ्टवेअर सोयीचं आहे, त्यात देवनागरी नीट चालते. हिंदी-मराठीत बरेच लेखक वर्णन इंग्रजीत आणि संवाद देवनागरीत ठेवतात. रोमन लिपीत संवाद मागणारेही आहेत, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

एका पानाला एक मिनिट हा ठोकताळा इंग्रजीतल्या १२ पॉइंट कूरियर फाँटचा आहे. देवनागरीत तो जसाच्या तसा लागू पडत नाही. घड्याळ लावून पूर्ण भाग मोठ्याने वाचा, हालचालींच्या जागी थांबा, आणि जी मिनिटं येतील ती खरी माना.

इंदुरातच काय करता येईल

मुंबईला जाण्याआधी इथे वर्षभर तरी काम करून घ्यावं. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं ईएमआरसी हे शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारं केंद्र खंडवा रोडच्या परिसरात आहे. शैक्षणिक व्हिडिओची संहिता म्हणजे सिनेमा नव्हे, पण डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी, ठरलेली मिनिटं आणि संपादनाच्या टेबलावर कापली जाणारी आपली वाक्यं ही शिस्त तिथे शिकता येते. त्याच विश्वविद्यालयात पत्रकारिता आणि जनसंचाराचा विभागही आहे. अशा ठिकाणी नुसतं "इंटर्नशिप मिळेल का" असं विचारू नका. एका विषयावर पाच मिनिटांची तयार संहिता घेऊन जा.

मालवा हाउसच्या आकाशवाणी केंद्रासाठी श्रुतिका लिहून बघणं संवादलेखकासाठी मोलाचं आहे. दृश्य नसतं, त्यामुळे कोण बोलतोय, कुठे उभा आहे, काय लपवतोय हे सगळं बोलण्यातूनच यावं लागतं. सानंद न्यासातर्फे होणारी मराठी नाटकं नुसती बघू नका. वही घेऊन बसा आणि प्रेक्षक कुठे चुळबुळतात ते टिपा.

मराठी मालिकांसाठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आपल्या इंदुरी मराठीत हिंदीची वाक्यरचना सहज येते. पात्र इंदूरचं असेल तर ती ठेवाच, तेच तिचं बळ आहे. पण पात्र सातारचं किंवा गिरगावातलं असेल, तर संवाद त्या भागातल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि हिंदीसाठी अर्ज करत असाल तर मराठीतला प्रसंग भाषांतर करून पाठवू नका. माळव्याची हिंदी तुमच्या कानात आहे, मूळ हिंदीतच नवा प्रसंग लिहा. दोन भाषांत स्वतंत्र नमुने असणं ही इथल्या मराठी लेखकाची खरी जमेची बाजू आहे.

मुंबईतली इंटर्नशिप

दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही बहुधा वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. कथेचा पुढचा ट्रॅक, म्हणजे धागा, ठरतो, वाहिनी तो मंजूर करते, पटकथाकार त्याची प्रसंगवार मांडणी करतो आणि संवादलेखक शेवटी बोलणं लिहितो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं हाती उरतात. एखादा कलाकार आजारी पडला की त्याच सकाळी प्रसंग बदलावे लागतात. या साखळीत दोन ठिकाणी शिरता येतं: लेखकाचा सहायक म्हणून, किंवा निर्मिती संस्थेच्या क्रिएटिव्ह विभागात. संवादावर हात बसवायचा असेल तर पहिलं बरं. वाहिनी काय नाकारते आणि का, हे शिकायचं असेल तर दुसरं.

ईमेल कुणाला करायचा ते श्रेयनामावलीतून कळतं. तुमच्या धाटणीचं लेखन करणारा लेखक निवडा. मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा: तुम्ही कोण, त्यांच्या कामातली कोणती एक नेमकी गोष्ट तुम्हाला दिसली, तुम्ही काय करू शकता, आणि कोणत्या तारखेपासून मुंबईत राहू शकता. शेवटची ओळ फार महत्त्वाची. "बोलावलंत तर येईन" यापेक्षा "१ तारखेपासून तीन महिने अंधेरीत राहण्याची सोय आहे" हे वाक्य काम करतं. न विचारता पूर्ण पटकथा जोडू नका. पुढे कल्पना चोरल्याचा वाद नको म्हणून अनेक संस्था अशा फाइली उघडतच नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. प्रत्यक्ष भेट ठरली तर रात्रभर धावणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी मुंबई सेंट्रलला सोडते, पण त्याच दिवशी परतीचं तिकीट काढू नका. भेटी पुढे ढकलल्या जातात.

काम मिळाल्यावर पहिले काही आठवडे तुम्ही लिहिणार नाही, टिपणार आहात. चर्चेची टिपणं कशी घ्यायची हे येणारा इंटर्न टिकतो. सगळं बोलणं उतरवू नये, निर्णय उतरवावेत. नमुना असा: "प्रसंग १४. सून गहाणखताबद्दल खोटं बोलते. ठरलं: नणंद दाराआडून ऐकते, भाग ६ पर्यंत गप्प. अडलेलं: ती गप्प का राहते?" चर्चा संपल्यावर त्याच संध्याकाळी हे सगळ्यांना गेलं पाहिजे. याशिवाय एक तक्ता स्वतःहून ठेवा: कोणत्या भागाअखेर कोणत्या पात्राला काय माहीत आहे. लांबलेल्या मालिकेत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. नणंदेला जे कळलेलं नाही ते ती बोलून जाते आणि चित्रीकरण झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं. तो तक्ता तुमच्याकडे असेल तर लोक तुम्हाला विचारायला लागतात, आणि हळूहळू एखादा प्रसंग लिहायला देतात.

फेलोशिप आणि लॅब

भारतीय पटकथाकारासाठी सर्वात गंभीरपणे तयारी करावी अशी जागा म्हणजे एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) स्क्रीनरायटर्स लॅब. ती २००७ पासून चालू आहे, दरवेळी थोड्याच पटकथा निवडल्या जातात, आणि त्यांवर अनुभवी मार्गदर्शकांबरोबर टप्प्याटप्प्याने काम होतं. 'द लंचबॉक्स'ची पटकथा या लॅबमधून गेली होती. तिचा संबंध गोव्याच्या फिल्म बाजार या चित्रपट-व्यवसायाच्या मेळाव्याशी आहे, म्हणजे निर्मात्यांसमोर कथा मांडण्याची तयारीही करून घेतली जाते. गोव्याच्याच इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२१ साली ३५ वर्षांखालच्या ७५ तरुणांसाठी 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो' हा उपक्रम सुरू झाला. २०२४ मध्ये निवड १०० जणांची झाली. त्यात पटकथालेखनाचा स्वतंत्र विभाग आहे. स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटनाही पटकथा लॅब आणि पिच फेस्ट (निर्मात्यांसमोर कथा मांडण्याचा मेळावा) भरवते. पूर्णवेळ शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा मूळ संकेतस्थळच बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणारं पत्रक नको.

परदेशी नावांवर वेळ घालवण्याआधी पात्रतेची ओळ वाचा. हॉलिवूडच्या स्टुडिओंचे टीव्ही लेखक घडवणारे कार्यक्रम अमेरिकेत काम करण्याचा परवाना मागतात. बीबीसीचं खुलं आवाहन ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या रहिवाशांसाठी असतं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या निकल फेलोशिपला भारतातून अर्ज करता येतो, पण पटकथा इंग्रजीत लागते, आणि २०२५ पासून तिथे थेट अर्ज न घेता सहभागी विद्यापीठं, पटकथा लॅब आणि 'द ब्लॅक लिस्ट' हे पटकथांचं संकेतस्थळ यांच्यामार्फतच घेतले जातात. सनडान्स या अमेरिकी संस्थेचे लॅब पहिल्या-दुसऱ्या चित्रपटासाठी आहेत आणि जगभरातून अर्ज घेतात.

पैसे आणि हक्क

लॅबचं प्रवेशशुल्क संस्थेच्या संकेतस्थळावर जाहीर असतं, ते भरायला हरकत नाही. पण इंटर्नशिप "पक्की" करण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. रुजू होण्याआधी मानधन, कालावधी, कामाचे तास, श्रेय मिळणार का आणि शेवटी पत्र मिळणार का, या पाच गोष्टी ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं आश्वासन तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

पटकथा कुणालाही पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिची ऑनलाइन नोंदणी करा. नवोदितही सभासद होऊ शकतात आणि त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. मात्र नोंदणी म्हणजे मालकी बहाल होणं नव्हे. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, याचा तो पुरावा आहे. कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहिलेल्या मांडणीला देतो, म्हणून एका ओळीची कल्पना नोंदवून निर्धास्त होऊ नये.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या दोन गोष्टी इंटर्नला माहीत असाव्यात. नोकरीच्या करारात, कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारी संस्था असते. म्हणून रुजू होताना आपल्या आधीच्या पटकथांची नावं आणि नोंदणीच्या तारखा लिहून त्या या कामाबाहेर आहेत असं ईमेलवर कळवा. दुसरं, हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. बहुतेक छापील करारांत "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्वात" हे शब्द आधीच घातलेले असतात. ते दिसले की सही करण्याआधी करार असोसिएशनच्या नमुना कराराशेजारी ठेवून ओळीने वाचा, आणि ज्या कलमाचा अर्थ लागत नाही त्याबद्दल लेखी विचारा.