पूर येण्याआधी फॉर्म तयार ठेवा: मदत आणि देणग्यांचे ऑनलाइन नियोजन कसे करावे

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. त्या काळात मोबाइलवर मदतीच्या हाका आणि मदतीची आश्वासने, दोन्ही उदंड फिरत होती. कमी पडत होती ती त्यांची सांगड. ती घालण्याचे काम छोट्या संस्थेलाही मोफत साधनांनी करता येते, मात्र त्याची तयारी मे महिन्यातच झाली पाहिजे. पाणी ३९ फुटांवर आल्यावर पासवर्ड शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

सुरुवात खात्यापासून करावी. देणगीचा क्यूआर कोड संस्थेच्या नावावरील बँक खात्याचाच असावा. एखाद्या कार्यकर्त्याचा वैयक्तिक क्रमांक, तो कितीही विश्वासू असला तरी, देऊ नये, कारण त्याच्या घरखर्चात मिसळलेली देणगी पुढे कोणत्याच लेखापरीक्षकाला वेगळी काढता येत नाही. संस्था नोंदणीकृत नसेल, तर गणेश मंडळे वर्गणीसाठी घेतात त्याप्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. ८०जी म्हणून परिचित असलेली करसवलत देणाऱ्या संस्थांना आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून देणगीदारांचे विवरण प्राप्तिकर विभागाकडे ऑनलाइन भरावे लागते आणि त्यानंतरच सवलतीचे प्रमाणपत्र निघते. म्हणून नाव, पत्ता आणि पॅन देणगीच्या फॉर्ममध्येच विचारावे. वर्ष संपल्यावर शेकडो लोकांना फोन करून पॅन मागणे हे काम एकदा केलेला माणूस पुन्हा करायला धजत नाही. दोन हजार रुपयांहून अधिक रोख रकमेवर आणि वस्तुरूप मदतीवर ही सवलत मिळत नाही, हेही तिथेच लिहावे.

परदेशातील मराठी बांधवांकडून पैसे घेताना फार जपावे. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण तिचाच सख्खा भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर त्याची देणगी परदेशी ठरते. ती एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच घेता येते. अशी एक संस्था ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्यामुळे ‘तुमच्या खात्यात घ्या, आम्हाला वळवा’ ही तडजोड २०२० च्या दुरुस्तीनंतर उरलेली नाही.

यानंतर गरजांची नोंद. गुगल फॉर्ममध्ये मोजकेच प्रश्न ठेवावेत: तालुका, गाव, वस्तीची खूण, कुटुंबे किती, आजारी किंवा बाळंतीण कोणी आहे का, काय हवे, आणि माहिती देणाऱ्याचा फोन. जिथे रेंज जाते तिथे कोबो टूलबॉक्स हे फॉर्म भरून घेण्याचे साधन वापरावे. त्यात माहिती फोनमध्येच साठते आणि रेंज आल्यावर पोहोचते. आलेली प्रत्येक नोंद शीटमध्ये तीन रकान्यांतून पुढे सरकावी: कोणी पडताळली, कोणी जबाबदारी घेतली, कधी पोहोचली. उदाहरणार्थ, ‘शाळेमागील वस्ती, ४२ कुटुंबे, चादरी ८४’ अशी नोंद आली, तर गावातील तलाठी, आशाताई किंवा ग्रामपंचायत सदस्याला फोन लावून ती खरी असल्याचे कळेपर्यंत एकही चादर गाडीत चढवू नये. एकाच वस्तीसाठी चार जण फॉर्म भरतात आणि शेजारच्या वस्तीसाठी कोणीच भरत नाही, असे होऊ शकते. म्हणून ज्यांची नोंद आलीच नाही अशा गावांची यादी रोज संध्याकाळी स्वतंत्रपणे तपासावी. सर्वांना दिसणाऱ्या शीटमध्ये पूरग्रस्तांचे फोन क्रमांक ठेवू नयेत.

आवाहनाच्या बाबतीत माझे मत काहीसे कठोर आहे: ज्या आवाहनावर मुदत नाही, ते पाठवूच नये. तारीख, वेळ आणि ‘अमुक वेळेपर्यंतच ग्राह्य’ ही ओळ संदेशात न लिहिता चित्रावर छापावी, म्हणजे फॉरवर्ड करताना कोणी ती गाळू शकत नाही. पाणी, बिस्किटे आणि जुने कपडे यांची आवक गरजेच्या कितीतरी पुढे जाते, तर सॅनिटरी पॅड, चिखल काढायची फावडी, जंतुनाशक पावडर यांची मागणी पाणी ओसरल्यावर सुरू होते. म्हणून यादी रोज बदलावी आणि एखादी वस्तू पुरेशी झाली की ‘आता नको’ हेही तितक्याच ठळकपणे कळवावे. पैसे मागताना आकडा वस्तूशी जोडावा: एका कुटुंबाच्या शिधा किटमध्ये काय काय आहे आणि आजच्या घाऊक दराने त्याला किती खर्च येतो, हे सांगावे.

हिशोब दर आठवड्याला टाकावा, बिलांच्या फोटोंसह. मदत घेणाऱ्यांचे चेहरे मात्र त्यात नसावेत. रिकामी झालेली गाडी आणि सही केलेली वाटपयादी, तीही नावे झाकून, पुरेशी असते. रक्कम उरली तर ती कशासाठी वापरणार, हे पहिल्याच आवाहनात लिहून ठेवावे, कारण नंतर तो प्रश्न हमखास येतो. शेवटी फॉर्म बंद करावा, क्यूआर कोड असलेली चित्रे गटांतून काढून घ्यायला सांगावे आणि शीटची एक प्रत कार्यालयात ठेवून बाकी सर्वांचे प्रवेशाधिकार काढून टाकावेत.