मिली नको, मिलिग्रॅम विचारा: वॉर्डात औषध देताना

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना हे झोपेतही म्हणता येतं. पण रात्रीच्या ड्यूटीत एका हातात व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली, अन् दुसऱ्या हातात केस पेपर असतो, तेव्हा पाठांतर कामी येत नाही. आमच्या ग्रामीण रुग्णालयात प्रॅक्टिकलला येणाऱ्या मुलींना मी जे दाखवते, तेच लिहिते.

ट्रे लावा, हात धुवा, ऑर्डर स्वतः वाचा. अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांना विचारा, मैत्रिणीला नाही.

“तुम्ही मेश्राम ना?” असं रुग्णाला कधीच विचारू नका. आपल्याकडची म्हातारी माणसं सिस्टरच्या कोणत्याही प्रश्नाला “हो जी” म्हणतात, आणि एका वॉर्डात तीन मेश्राम सहज निघतात. “आजी, पूर्ण नाव सांगा, गाव कोणतं?” असं विचारा आणि केस पेपरशी ताडून बघा. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. पावसाळ्यात वॉर्ड भरला की खाटा बदलतात.

आता मात्रा. शिकताना मलाही इथेच घाम फुटायचा. सूत्र पाठ होतं, पण कोणता आकडा वर अन् कोणता खाली, हे ऐन वेळी उलटं व्हायचं. सूत्र बाजूला ठेवा. व्हायल हातात आली की लेबल वाचून आधी एवढंच काढा: एका मिलीत किती मिलिग्रॅम?

अमिकॅसिन या अँटिबायोटिक इंजेक्शनचंच बघा. २ मिलीत ५०० मिग्रॅची व्हायल येते, आणि २ मिलीतच १०० मिग्रॅचीही येते. ८ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ प्रमाणे १२० मिग्रॅ लिहिलंय. पहिल्या व्हायलमध्ये मिलीला २५० मिग्रॅ, म्हणून ०.४८ मिली काढायचं. दुसरीत मिलीला ५०, म्हणून २.४ मिली. काल स्टॉकला १०० ची होती, आज ५०० ची आली, आणि तुम्ही कालच्या नोंदीवरून २.४ मिली भरलं, तर बाळाला ६०० मिग्रॅ जातं. पाचपट! हे औषध मूत्रपिंडाला आणि आतल्या कानाला इजा करतं. गेलेलं ऐकू येणं बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून “अर्धी व्हायल दे” किंवा “कालच्याएवढंच दे” असं कोणीही सांगितलं, कितीही सीनियर असो, तरी मिलिग्रॅम विचारा. राग आला तर येऊ द्या.

वजन आत्ता करा, अंगणवाडीच्या कार्डावरचं उतरवू नका. ०.४८ मिली ५ मिलीच्या सिरिंजने मोजताच येत नाही, तिच्यावरची एक रेघ ०.२ मिलीची असते. १ मिलीची सिरिंज घ्या. मात्र ती इन्सुलिनची नको, तिच्यावर युनिटच्या खुणा असतात.

हिशेब दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना तुमचं उत्तर आधी सांगू नका. सांगितलं की ती फक्त मान हलवते. रात्री एकट्याच असाल तर उलटा हिशेब करा: ०.४८ गुणिले २५०, आले १२०. नाही आले तर सुई टोचायची नाही. कागदावर ‘.५’ लिहू नका, ‘०.५’ लिहा, आणि ‘५.०’ नको, नुसतं ‘५’. टिंब पुसट झालं की दहापट फरक पडतो.

इन्सुलिनचा घोळ वेगळाच. मिलीला ४० युनिटच्या व्हायलला लाल टोपणाची सिरिंज, मिलीला १०० च्या व्हायलला नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं तर अडीचपट जातं.

पावडरच्या व्हायलमध्ये लेबलवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक रिंगर लॅक्टेटच्या सलाइनमध्ये मिसळू नका, त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका बनतो.

औषध शरीरात काय करतं ते माहीत नसेल तर ते देऊ नका. झटक्यांच्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, लघवी तासाला निदान ३० मिली होते का, हे बघायचं. एकही कमी असेल तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. उतारा, म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट, ट्रेमध्ये हवा. स्टोअरच्या कपाटात असून उपयोग नाही, किल्ली नेहमी दुसऱ्याच्या खिशात असते.

सही औषध दिल्यावर करा, आधी नाही. रुग्णाने नकार दिला तर तेही वेळेसकट लिहा आणि डॉक्टरांना कळवा.